ठिपक्यामागचा माळा

टण्.

दुपारच्या गच्च मिटलेल्या शांततेत स्टीलच्या पेल्यावर अंगठी आपटल्याचा एवढासा आवाज झाला, आणि कपाटाच्या आत, टांगलेल्या कोटांच्या आणि घडी घातलेल्या रजयांच्या मधोमध मांडी घालून बसलेली ती वाचता वाचता थांबली. वाक्य अर्ध्यावर लटकलं. तिने डोळे मिटून तीनपर्यंत मोजले, तोंडातल्या तोंडात "आलेच हो" म्हटलं आणि मायक्रोफोनला धक्का न लागू देता, मांजरीसारखी, कोटांच्या बाह्यांमधून बाहेर आली.

हे कपाट म्हणजे तिची कचेरी. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी चालवलेल्या एका ग्रंथालयाला ती पुस्तकं वाचून द्यायची. घरात सगळ्यात मऊ, सगळ्यात मुकी जागा हीच. कपडे आवाज पिऊन टाकतात. खारू, म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक, दोनला झोपायची आणि चारला उठायची. या दोन तासांच्या फटीत जेवढं वाचून होईल तेवढं होईल. बाकीचा दिवस खारूचा.

बाहेर येऊन तिने टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. रेकॉर्डिंग पेल्याच्या आवाजाने बिघडलंच नव्हतं. ते अकरा मिनिटांपूर्वीच आपोआप बंद पडलं होतं. पडद्यावर एक चौकोन उभा होता: डिस्क भरली आहे. अकरा मिनिटं ती नुसती कोटांना वाचून दाखवत होती.

"आज नको रे बाबा," ती लॅपटॉपला म्हणाली. "उद्या भर. परवा भर. आज नको."

आज नको, कारण सकाळीच ग्रंथपालबाईंचा फोन येऊन गेला होता. "हे बघा, दोनदा मुदत वाढवून दिली तुम्हाला. मुलांची परीक्षा महिन्यावर आलीय. आज पाचपर्यंत शेवटचं प्रकरण आणि सगळं जोडून एक फाईल आली तर ठीक. नाहीतर वरून हुकूमच आहे, पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे. पहिल्या पानापासून."

"पहिल्या पानापासून? अहो, नऊ महिने वाचतेय मी!"

"माहीत आहे हो. तुमचा आवाज मुलांना आवडतो. पण आवाज पोचायला तर हवा ना त्यांच्यापर्यंत?"

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती आधी आतल्या खोलीत गेली. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं; आता हाक म्हणजे डाव्या हातातली अंगठी पेल्यावर. समज मात्र लख्ख. डोळे तर आधीपेक्षाही बोलके, म्हणजे आधी जे दहा वाक्यांत सुनावायच्या ते आता एका कटाक्षात. तिने त्यांना घोटभर पाणी पाजलं, पेला स्टुलावरच्या ताटलीत ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून घडाघडा सांगून टाकलं.

"आई, डिस्क भरलीय. सहा जीबी तरी लागतील मला, प्रकरणाला आणि जोडायला. पाचच्या आत. तुम्ही असतात तर..." ती चपापली. "म्हणजे, तुम्ही आहातच. बघते मी."

सासूबाईंनी भुवई उचलली. म्हणजे: बघ, बघ.

एका मोठ्या संगणक केंद्रात तीस वर्षं ऑपरेटरचं काम करून निवृत्त झालेली बाई ती. खोलीएवढाली यंत्रं, त्यांची थंड घरघर, रात्रपाळ्या, फितींची चक्रं, सगळं पाहिलेलं. सून लग्न होऊन आली तेव्हा फायली माउसने ओढून इकडेतिकडे टाकायची. ते सासूबाईंना बघवलं नाही. "अगं, असं ढकलत काय बसतेस? सांग त्याला. दोन शब्दांत सांग, करतो तो." आणि त्यांनी तिला काळी खिडकी उघडून दिली, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक ओळ आणि तिच्या टोकाशी लुकलुकणारी काडी. सून घाबरली. मग सासूबाईंनी तीन दुपारी बसून ती खिडकी तिच्यासाठी सजवली. ओळीच्या सुरुवातीला यंत्राचं रुक्ष नाव असायचं. ते काढून तिथे लिहिलं, "बोल, बाई". तिला रंग दिला, आणि रंगही असा की घड्याळाप्रमाणे बदलणारा: सकाळी हळदी, दुपारी दुधासारखा, पाचनंतर जांभळा. सगळ्या कमांड मराठीत करून दिल्या. "दाखव" म्हटलं की फायलींची यादी. "किती" म्हटलं की कुणी किती जागा अडवलीय. "पूस" म्हटलं की पुसलं.

आता ती त्या खिडकीपुढे बसली. पडद्याचा काळा रंग विहिरीसारखा खोल, आणि वर दुधाळ अक्षरं तरंगत असलेली.

बोल, बाई.

ती बोलली. गेल्या आठवड्याच्या बिघडलेल्या फायली: पूस. कच्च्या चाचण्या: पूस. तिसऱ्या प्रकरणाचं चुकलेलं वाचन: पूस. प्रत्येक वेळी यंत्र मुकाट्याने ऐकायचं आणि काडी पुन्हा लुकलुकायची. पंधरा मिनिटं ती घर झाडावं तशी झाडत राहिली. मग डिस्क तपासली. शंभर टक्के भरलेली. एक कणही कमी नाही.

"असं कसं?"

तिने आणखी पुसलं. शंभर टक्के. केर काढून दाराबाहेर टाकावा आणि वळून पाहावं तर तो पुन्हा खोलीच्या मधोमध येऊन बसलेला, स्वप्नात होतं तसं. तिने "किती" विचारलं. यादी उतरली. एकेक फोल्डर म्हणजे एकेक खोली, दारावर आकडा लावलेली. चालू पुस्तक, अठ्ठेचाळीस. जुनी पुस्तकं, एकतीस. खारूचे फोटो, चौदा. घरचे कागद, थोडेसे. ती अनवाणी फिरावं तशी त्या खोल्यांतून फिरली. सगळ्या मिळून शंभरच्या आत. यंत्राचं स्वतःचं सामान तीस. डिस्क दोनशे चाळीसची. मग उरलेले शंभरावर जीबी कुठे गेले? घराला बाहेरून पाच खिडक्या आणि आतून मोजावं तर चारच खोल्या, तसं झालं.

ती पुन्हा आत गेली. "आई, हिशेब लागत नाही. जागा अडलीय, पण अडवणारा कुणी दिसत नाही. आता मी काय डोकं फोडून घेऊ?"

सासूबाईंनी डावा हात हळूच उचलला, तर्जनी पेल्यात बुडवली आणि स्टुलावर एक थेंब ठेवला.

"सांडलं का? असू दे." तिने खिशातल्या फडक्याने तो पुसला. "बरं, मी काय म्हणते, खारूचे फोटो काढून टाकू का? पण ते दुसरीकडे कुठे ठेवलेच नाहीत हो."

सासूबाईंनी पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा थेंब. त्याच जागी.

"अहो आई, लाकूड फुगेल." पुसलं. "पेनड्राइव्ह शोधला, तो खारूने मातीत पेरलाय. झाड येईल म्हणाली."

तिसऱ्यांदा बोट पेल्यात गेलं. थेंब स्टुलावर ठेवून झाल्यावर मात्र त्याच हाताने तिचा फडक्याचा हात मनगटाशी घट्ट धरला. त्या एका हातात अजून केवढी ताकद होती! सून दचकली. सासूबाई थेंबाकडे बघत होत्या, मग तिच्याकडे, मग पुन्हा थेंबाकडे. बाईंनी आयुष्यभर जेवढ्या माठ ऑपरेटरांना शिकवलं असेल, त्या सगळ्यांचा वैताग त्या नजरेत एकवटला होता.

खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन थेंबात शिरलं होतं. स्टुलावर एक लहानसा, गोल, उजळ ठिपका.

ठिपका.

आणि तिला त्या तीन दुपारींमधली एक दुपार आठवली. "ही सगळी सजावट कुठे लिहिलीय, मला दिसत नाही," असं ती म्हणाली होती, आणि सासूबाई चष्म्यावरून बघत हसल्या होत्या. "नावाआधी ठिपका दिलाय. ज्याच्या नावाआधी ठिपका, तो घरात असून दिसत नाही. मुद्दाम हाक मारावी लागते त्याला."

"आई!" ती ओरडली, आणि शेजारच्या खोलीत खारू कूस बदलून पुन्हा झोपली. मग ती कुजबुजली, "आई, लपवलंयत तुम्ही काहीतरी."

सासूबाईंनी मनगट सोडलं आणि डोळे मिटून मान उशीला टेकली. म्हणजे: सुटले एकदाची.

तिने लॅपटॉपच उचलून पलंगावर आणला. ठिपकेवाल्यांना हाक मारली. अंधारातून नावं वर आली, आणि त्यांत एक होतं: .माळा. आधी तिने सजावटीची फाईल उघडली. "पूस" या शब्दासमोर लिहिलं होतं की पुसायचं नाही. उचलायचं आणि माळ्यावर नेऊन ठेवायचं, महिन्यानुसार. त्याच्या वर एक ओळ होती, यंत्राने वाचायची नाही अशी, आधी जाळीची खूण केलेली, फक्त माणसांसाठी लिहिलेली:

# सूनबाई रागात पुसते. राग गेला की शोधते.

तिला हसू फुटलं. खरंच होतं. पहिल्याच वर्षी रागाच्या भरात तिने एक चांगलं प्रकरण पुसलं होतं आणि संध्याकाळभर रडली होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते "कुठूनसं" परत आणून दिलं होतं. मग हेही तिच्या लक्षात आलं की वर्षातून एकदा त्या "जरा मशीन बघते" म्हणून तासभर दार लावून बसायच्या. माळा रिकामा करत असणार. यंदा कोण करणार?

"किती?" तिने माळ्यालाच विचारलं. महिने खालोखाल उतरले.

वरचे आठ महिने भरभक्कम: अकरा, बारा, तेरा, एकदा तर सोळा. मग अचानक पायरी तुटावी तसे शेवटचे सहा महिने. पाव. पाव. त्याहून कमी. सगळे मिळून दीडही नाही.

ती त्या आकड्यांकडे बघत राहिली. आपण पुसायचो काय? घरातला आवाज शिरून बिघडलेलं वाचन. आणि सहा महिन्यांपासून पुसण्यासारखं फारसं काही राहिलंच नव्हतं. वाचन स्वच्छ येत होतं. एकाही आकड्याने काही सांगितलं नव्हतं, नुसते ते एकाखाली एक उभे होते, आणि घर कुठल्या दिवशी मुकं झालं ते त्यांच्याकडे पाहून बोट ठेवून दाखवता आलं असतं.

तिने सोळावाल्या महिन्यातली एक फाईल लावली.

स्वतःचा आवाज आला, नीटस, मोजका: "...नदी जिथे वळते तिथे गाळ साचतो, आणि या गाळातूनच..." मागून, भिंतीपलीकडून, कुणीतरी गुणगुणायला लागलं. सूर थोडा वर चढलेला, शब्द अर्धे विसरलेले. मग भांड्याचा आवाज, आणि तोच सूर आता बोलायला लागला: "अगं खारूताई, ते तोंडात नाही घालायचं, साबण आहे तो! साबण खाल्ला की पोटातून फुगे येतात, माहितेय? मी लहान असताना खाल्ला होता. आठ दिवस बोलले की फुगे!" आणि एका लहान मुलीचं खदखदणारं हसू. दुपारी खारू तेव्हा आजीपाशी असायची.

सासूबाईंचा डावा हात चादरीवर तसाच राहिला. त्या ऐकत होत्या. चेहऱ्याची एकच बाजू हलायची आता, आणि ती बाजू अशी झाली होती, जणू रस्त्याने जाताना अचानक कुणी खूप जुनं ओळखीचं दिसावं आणि नाव आठवू नये.

तिने फाईल थांबवली. पुढचं ऐकायचं धैर्य तिला झालं नाही. तीन वाजून पाच मिनिटं.

सासूबाईंनी हात पुढे केला. की-बोर्ड मांडीवर ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला लागल्या. मराठी शब्द नाही. यंत्राची स्वतःची दोन अक्षरं, आर आणि एम, खरोखर पुसून टाकणारी, जी त्यांनी सुनेपासून पाच वर्षं दडवून ठेवली होती. त्यापुढे एक छोटी खूण. त्यापुढे ठिपका. माळा. सगळाच. मग हात काढून घेतला. एंटर तेवढं तिच्यासाठी सोडलं.

"सगळा?"

मान हलली. हो.

"आई, यात तुम्ही आहात."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. ऑपरेटरच ती. डिस्क भरली की रिकामी करायची. आत काय आहे त्याच्याशी ऑपरेटरला देणंघेणं नसतं. आणि तिकडे कुठे कुठे बसलेली पोरं परीक्षेसाठी पुस्तकाची वाट बघतायत, हेही त्या नजरेत होतं.

काडी लुकलुकत होती. सुनेचं बोट एंटरवर टेकलं. खोलीत ऊन सायीसारखं साकळलं होतं. त्यात धुळीचे कण इतके संथ तरंगत होते की वेळसुद्धा कुठेतरी टेकून बसल्यासारखा वाटत होता. नुसतं दाबायचं. आवाजही होणार नाही. आठ महिन्यांची भांडी, साबण, फुगे, विसरलेले शब्द, सगळं एका श्वासात निघून जाईल आणि शंभरावर जीबी मोकळे होतील.

तिने बोट बाजूला नेलं आणि उलटी मागे येत एकेक अक्षर खोडलं. माळा गेला. ठिपका गेला. आर, एम ठेवली.

"तुम्ही शिकवलंत ते वापरते," ती म्हणाली. "पण जागा मी ठरवणार."

आधी तिने मुके सहा महिने पुसले. जेमतेम दीड जीबी. मग ती "जुनी पुस्तकं" मध्ये गेली. तिथे एक फोल्डर होता नऊ जीबीचा: तिचं पहिलं पुस्तक. लग्नाआधी, खऱ्या स्टुडिओत, भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत वाचलेलं. ग्रंथालयाकडे त्याची दाबून लहान केलेली प्रत होती. मूळ, पूर्ण, काचेसारखा आवाज मात्र फक्त इथे. एका श्वासात वाचल्यासारखं, असं सगळे म्हणाले होते. तसं तिला पुन्हा कधीच जमलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्यात दुसऱ्या कुणाचा खोकलासुद्धा नव्हता.

सासूबाईंनी तिचा दंड धरला. नको, म्हणत होत्या त्या. हे नको. हे चांगलं आहे.

"माहितेय, आई, चांगलं आहे," ती म्हणाली, आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायचं ते झालं आणि दिसलं काहीच नाही. काडी क्षणभर नाहीशी झाली, परत आली. दुधाळ अक्षरांत ओळ उमटली: बोल, बाई. तिने डिस्क विचारली. दहा जीबी मोकळे.

मग ती धावली. कपाटात शिरली, दार ओढलं, कागद सरळ केले. शेवटचं प्रकरण ती कसं वाचत गेली ते तिलाही कळलं नाही. लोकर, अंधार, कापराचा वास, आणि आपला आवाज जणू दुसऱ्याच्या तोंडून येतोय. चार वाजायच्या आत कपाटाचं दार करकरलं. खारू उठली होती. केस विस्कटलेले, एका पायात मोजा. तिने वाचन थांबवलं नाही. फक्त एक हात बाजूला केला, आणि खारू त्या हाताखालून मांडीवर येऊन बसली, अंगठा तोंडात घालून, झोपेतून पूर्ण न आलेली. शेवटची चार पानं अशी वाचली गेली. त्यांत दोघींचे श्वास असतील. तिने ते परत वाचलं नाही.

जोडायला वीस मिनिटं लागली. पाठवायची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकली. पाचला सात मिनिटं असताना ग्रंथपालबाईंचा निरोप आला: "पोचलं. कशाला हो असा जीव टांगणीला लावता?"

तिने लॅपटॉप उचलला, खारूचा हात धरला आणि तिघी पलंगावर एका रजईत बसल्या. पाच वाजून गेले होते. पडद्यावरची अक्षरं जांभळी झाली होती. "खारू, गंमत ऐकवते," ती म्हणाली, आणि तीच फाईल पहिल्यापासून लावली.

नदी वळली, गाळ साचला, आणि मागून तो सूर आला.

"आजी!" खारू ताडकन उठून बसली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आजीच्या मिटलेल्या ओठांकडे. "आजी बोलतेय!" साबण आला, फुगे आले. स्वतःचं तेव्हाचं हसू ऐकून ती पुन्हा तशीच हसली, रजईत लोळून. सासूबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू हसत होती. त्यांनी डाव्या हाताने नातीच्या केसांत बोटं घातली.

फाईल पुढे चालू होती. या वेळी थांबवायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"आई!" लॅपटॉपमधून तिचाच आवाज आला, जवळून, कर्कश, मायक्रोफोन फाटेल असा. "किती वेळा सांगायचं? रेकॉर्डिंग चालू आहे ना! दोन तास तरी तोंड बंद ठेवता येत नाही का तुम्हाला?"

आणि भिंतीपलीकडून, थोडं थांबून, हसल्यासारखं: "बरं बाई. हे घे, शिवले ओठ."

त्यानंतर काही नव्हतं. बराच वेळ नुसती शांतता चालू होती, तिचा वेळ मोजणारे आकडे पुढे पुढे जात होते. सासूबाईंनी खारूच्या केसांतलं बोट थांबवलं नव्हतं. त्या सुनेकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग होता की नव्हता, ते तिला वाचता येईना.

खारू उठून बसली. तिने आजीच्या ओठांवर आपलं बोट ठेवलं, हळूच, इकडून तिकडे फिरवून पाहिलं. मग आईकडे वळली.

"आई, तू सांगितलंस म्हणून आजीने शिवले?"